वाड्याचे उत्पन्न

वाडा हा घडीव दगडाच्या जोत्यावर आणि सागवानी खांबांवर उभा असतो, ही समजूत ज्यांनी वाड्यांचे जमाखर्च वाचलेले नाहीत त्यांची असते. सरकारी दफ्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल सोडणे, लावणे आणि पुन्हा बांधणे यांत माझी सारी नोकरी गेली, आणि पेशवाईतील सरदार-मुत्सद्द्यांच्या घरखर्चाचे जे कागद त्या काळात हातांखालून गेले, त्यांनी मला वाड्याकडे पाहण्याची एक निराळीच दृष्टी दिली. चुना, विटा, सागाचे वासे, कौले, गवंडी-सुतारांचे रोजमुरे, पर्जन्यकाळापूर्वीची शाकारणी या बाबी खर्चाच्या बाजूला वर्षानुवर्षे येत राहतात. आणि जमेच्या बाजूला कोठे सरंजामाचे महाल, कोठे इनामगावचा वसूल, कोठे वतनाचा हक्क असतो. वाडा उभा राहतो तो या जमेवर. जमा आटली की शाकारणी राहते, शाकारणी राहिली की पाणी तुळईत उतरते, आणि तुळई एकदा कुजली की पुढचे काम उधई करते.

ही जमा कशी आटली, तो आपल्या प्रांताच्या महसुली इतिहासाचाच एक भाग आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली तरी अनेकांचे सरंजाम आणि इनामे इंग्रजांनी प्रथम चालू ठेवली. मग १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनदांची तपासणी दारोदार पोचली. आणि स्वातंत्र्यानंतर, १९५२च्या कायद्याने, वैयक्तिक इनामे नाहीशी झाली. या शेवटच्या कायद्याच्या न्याय्यतेविषयी मला कधी संशय वाटला नाही, कारण ज्या कुणब्याच्या घामातून तो वसूल येई त्याच्या घरावर बहुधा गवतच असे. परंतु ज्या दिवशी इनाम गेले त्या दिवशी वाड्याचे पोषणही गेले, ही गोष्ट कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती.

माझे बालपण वाईला, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका दोनचौकी वाड्यात, भाड्याच्या दोन खणांत गेले. दिंडीतून वाकून आत यावे, देवडी ओलांडावी, आणि एकदम डोक्यावर आभाळ यावे, अशी त्या वाड्याची रचना होती. चौक एक पायरी खोल, चारी बाजूंच्या छपरांचे पाणी त्यात पडे आणि कोपऱ्यातील मोरीवाटे दगडी गटारातून परसात जाई. चैत्र-वैशाखाच्या दुपारी तापलेली हवा या चौकातून वर निघून जाई, आणि जाड मातीच्या भिंतींच्या आडोशाला असलेल्या ओसरीवर अंग टाकले की डोळा लागे. मागल्या चौकात आड होता. त्यावर कोणी आधी पाणी शेंदायचे, कोणत्या बिऱ्हाडाने कोणत्या कठड्यावर पापड-कुरडया वाळत घालायच्या, तुळशीवृंदावनाला पहिले पाणी कोणाचे, शेजारच्या आळीतील बायकांनी परसदाराने नदीवर जायचे ते कोणत्या वेळी, हे सारे ठरलेले असे, आणि यांतील एकही गोष्ट कोठे लिहिलेली नसूनही त्यात कोणाला अक्षराचा फरक करता येत नसे. वहिवाट हीच त्या चौकाची सनद होती. कृष्णाबाईच्या उत्सवात पुढला चौक आळीच्या स्वाधीन होई. चुली मांडल्या जात, पंगती उठत, आणि त्या दिवसांत मालक आणि भाडेकरू हा भेद निदान पत्रावळीपुरता तरी राहत नसे.

मालकांना आम्ही सारे आबा म्हणत असू. दर महिन्याच्या आरंभी भाडे पोचवण्याचे काम वडिलांनी माझ्याकडे दिले होते. आबा ते पैसे न मोजता कोनाड्यात ठेवीत आणि ‘आईला विचारलंय म्हणून सांग’ एवढेच बोलून पावती देत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यावरच स्थिरावले होते. वडील एका पेढीवर कारकून होते. तो कायदा नसता तर आम्हाला छप्पर मिळाले नसते, हे मी जाणतो आणि त्या कायद्याविषयी कृतज्ञ आहे. पण त्याच भाड्यात आबांना पुढल्या चौकाचे पाखेसुद्धा शाकारता येत नसे, म्हणून पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ ज्येष्ठाच्या तोंडाला स्वतः शिडी लावून वर चढे, आणि खाली उभे राहून कौले पुरवण्याचे काम आम्हा मुलांचे. एका वर्षी माडीचा कडीपाट खचला तेव्हा त्याला टेकू लागला, आणि आम्ही जागा सोडली तेव्हाही तो टेकू तेथेच होता. या व्यवहारात कोणी खलपुरुष नव्हता. वाड्याला खायला घालणारे कोणी उरले नव्हते, इतकेच.

पुण्यात शनिवार पेठेत माझी आत्या राहत असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या पाण्याने खडकवासल्याचेही धरण नेले. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर मी तेथे गेलो, तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती जागच्या जागी विरघळून बसलेल्या आणि त्यांतून लाकडी सांगाड्याचे खांब तिरपे उभे राहिलेले दिसले. आत्याची माणसे वाचली, वाडा गेला. पुढे त्या जागांवर इमारती उठल्या, आणि जे वाडे पाण्यातून वाचले होते त्यांच्याही जागी कालांतराने त्या उठल्या. नव्या नकाशात ओसरीची गॅलरी झाली, माजघराचा हॉल झाला, देवघराला स्वयंपाकघरात एक फळी मिळाली. चौकाचे मात्र काहीच झाले नाही. विकता येईल असे त्यात काही नव्हते. भाडे न देणारी, चौरस फुटांत न बसणारी, आणि तरी साऱ्या घराला उजेड व वारा पुरवणारी ती रिकामी जागा पहिल्या रेघेलाच पुसली गेली.

ज्या वाड्यांना काम मिळाले ते टिकले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरू लागली, आणि पुढे शाळा, कचेऱ्या असे काही ना काही तेथे चालतच राहिले. आजही त्याच्या दर्शनी सज्जाखालचे सुरूदार खांब रस्त्यावरून पाहता येतात. शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली आणि तटबंदी व जोती तेवढी उरली. वाईजवळचा नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा अजून आपल्या चौकांसह आणि घाटासह उभा आहे, आणि ‘स्वदेस’सारख्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी त्याचे चौक वापरले गेले आहेत. हे कळले तेव्हा काही वयोवृद्धांना विषाद वाटला. मला समाधान वाटले, कारण भाड्याने दिलेल्या चौकात निदान केरसुणी फिरते.

या साऱ्या विचारांना एक निश्चित रूप मिळाले ते महेश्वरला. निवृत्तीनंतर मुलीने आग्रहाने नर्मदेकाठच्या त्या किल्ल्यात माझी राहण्याची व्यवस्था केली. मल्हारराव होळकरांच्या १७६६ मधील निधनानंतर अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत तो येथूनच पाहिला. किल्ल्यात एका अंगाला राजवाडा आहे. लाकडी खांबांची साधी ओसरी, तीवर पांढऱ्या आच्छादनाची गादी, एवढाच त्या राज्यकर्त्या स्त्रीचा दरबार. काशीविश्वेश्वराचे मंदिर जिने नव्याने उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर जिने बांधले, सोमनाथाची पूजा जिने पुन्हा प्रतिष्ठित केली, तिने स्वतःसाठी खांबांवर नक्षीदेखील बेताचीच ठेवली. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन कोष असत. खासगीचे महाल राणीच्या अखत्यारीत, आणि अहिल्याबाईंचा धर्मखर्च या खासगीतून चाले. आयुष्यभर जमा आणि खर्च या दोन बाजू वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती गादी पाहून हात जोडावेसे वाटले ते या शिस्तीमुळे.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि हाही वाडा इतर वाड्यांच्याच वाटेने गेला असता. तसे झाले नाही, कारण यशवंतराव होळकरांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी किल्ल्यातील घराण्याचा निवासी भाग दुरुस्त करून २००० साली तो पाहुण्यांसाठी खुला केला. त्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था काढून महेश्वरी लुगड्यांच्या मागांना पुन्हा काम मिळवून दिले होते. तेथल्या खोल्या थोड्या, भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या, आणि ओसरीवर बसले की दोन्ही थडींचा नर्मदेचा विस्तार समोर. ओसरीच्या कडेला खांबाशी टेकून मी बसलो होतो, तेव्हा तेथे डागडुजीला आलेला एक वयस्क गवंडी शेजारी टेकला. मराठी मुलखातून आल्याचे सांगताच तो मोकळेपणाने बोलू लागला. मातीच्या व विटांच्या जुन्या भिंतीत ओल येणारच, चुना ती बाहेर सोडतो. वर सिमेंटचा थर दिला की ती आतल्या आत कोंडते आणि लाकडाकडे जाते. म्हणून जुन्या घराचे हॉटेल करताना सर्वांत अवघड काम न्हाणीघराचे. पूर्वी न्हाणी आणि शौचकूप परसात असत. आता प्रत्येक पाहुण्याला ती खोलीलगत हवीत, आणि मातीच्या भिंतीत पाण्याचा नळ फिरवणे म्हणजे वैऱ्याला किल्ली देणे. जे जाणते असतात ते नंतरच्या काळात जोडलेल्या भागात किंवा कोठीच्या खोलीत ही व्यवस्था करतात, आणि मूळ भिंतीला हात लावीत नाहीत. दफ्तरातील चुन्याच्या नोंदी मी शेकड्यांनी वाचल्या होत्या, पण चुना वाड्यासाठी नेमके काय करतो हे मला त्या गवंड्याने शिकवले.

तेथली शांतता मात्र पहिल्या दिवशी मला सोसवेना. चौक लखलखीत, झाडाची पाने वेचलेली, आणि माणसाचा शब्द नाही. पाण्यासाठी तंटा नाही, वाळवण नाही, कोणाच्या पोराचे रडणे नाही. येथे एका रात्रीचे जे द्यावे लागते ते आबांच्या साऱ्या भाडेकरूंचे मिळून कित्येक वर्षांचे भाडे झाले असते, आणि माझ्या आईसारख्या बाईला या दिंडीतून पाहुणी म्हणून कधीच येता आले नसते, हा विचार मनातून जाईना. मग सकाळी मी राजवाड्याकडे गेलो. तेथे लिंगार्चन चालू होते. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे ब्राह्मण मातीची लहान लहान शिवलिंगे घडवून पूजा करीत होते, आणि ती पुढे नर्मदेत विसर्जित होतात. गावातील बायका गादीला नमस्कार करून घाटाकडे उतरत होत्या. त्यांना कोणी अडवीत नव्हते, कोणी तिकीट मागत नव्हते. मागाचा आवाज येत होता. पाहुण्यांनी दिलेल्या द्रव्यावर भिंती उभ्या आहेत आणि गावाची ये-जा पूर्वीप्रमाणे चालू आहे, असे दोन्ही एकाच ठिकाणी मी प्रथमच पाहिले.

तेव्हापासून अशा हॉटेलांकडे मी दोन प्रश्न घेऊन जातो. येथील उत्पन्नाचा किती भाग गवंड्या-सुतारांपर्यंत पोचतो, हा पहिला. आणि वाड्यावर पूर्वी ज्यांची वहिवाट होती त्यांचे पुढे काय झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी बरे मिळते. चुन्याची घाणी पुन्हा फिरू लागली आहे, केळफूल कोरणारा सुतार काही गावांत पुन्हा मिळतो, आणि हे श्रेय प्रांजळपणे या व्यवसायाला दिले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पुष्कळदा उत्तरच नसते. दिंडीवर पहारेकरी असतो, आडावर जाळी असते, आणि शेजारची आळी भिंतीपलीकडे असते. इनामदाराच्या वाड्यातही पहारा होताच, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याच्या परसदाराला ठरावीक वेळी कडी नसे.

अलीकडे नाशिककडील एका वाड्याचे वारस माझ्याकडे मोडी कागद घेऊन आले. वाडा पडीक आहे, एका व्यावसायिकाशी त्यांची बोलणी चालू आहेत, आणि हद्दी निश्चित करण्यासाठी त्यांना वाटणीपत्राची बालबोध नक्कल हवी होती. वाचता वाचता त्यात एक कलम निघाले: परसातील आडावर शेजारच्या घरांनी पाणी भरण्याची वहिवाट पूर्वापार आहे, ती पुढेही चालवावी. ‘काका, हे आता कशाला लागतंय, आळीत नळ आलेत,’ असे त्यांतील धाकटा म्हणाला. मी त्याला सांगितले की नळ आले असले तरी गणपती बुडवायला, वटपौर्णिमेला, उन्हाळ्यात पाणी तुटले तर, अशी कारणे आळीला पडतीलच. आणि नक्कल देताना ते कलम वगळण्यास मी नकार दिला. नव्या करारनाम्यात ते जसेच्या तसे घालावे असा आग्रहही धरला, आणि कोणत्या शब्दांत घालावे तो मसुदा करून दिला. वकिलांना विचारून कळवतो, असे थोरला भाऊ म्हणाला आहे. व्यावसायिकाने दुरुस्तीसाठी चुन्याचे काम जाणणारे गवंडी विचारले होते, त्यांची नावे मी महेश्वरहून मागवून घेतली आहेत.