चौथ्या शनिवारचा सामना

बँकेत दोन प्रकारचे हिशेब चालतात. एक खात्यांचा. तो जुळतो, म्हणजे जुळल्याशिवाय आम्हाला घरी सोडत नाहीत. दुसरा हिशेब माणसे तोंडी करतात. तो जन्मात जुळत नाही, पण तो ऐकायला मिळावा म्हणून माणूस आपण होऊन उशिरापर्यंत थांबतो. आमच्या शिरवळ शाखेत हा दुसरा हिशेब कोल्हापूरच्या फुटबॉलचा असतो.

शिरवळ आणि फुटबॉल यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. काही नाही. नीरा नदीचा पूल ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरलात की आमचे गाव लागते. गावाजवळ जुनी लेणी आहेत, गुरांच्या डॉक्टरांचे कॉलेज आहे, हमरस्त्याच्या कडेने कारखाने आहेत. खेळ म्हणाल तर जत्रेतल्या कुस्त्या, कबड्डी आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट. फुटबॉल ही आमच्याकडे दुकानाच्या दारात जाळीत टांगून ठेवायची वस्तू होती.

हे चित्र बदलले ते हेड ऑफिसमुळे. माणसाची बदली कुठे करावी याचे हेड ऑफिसचे एक शास्त्र आहे. त्याला रोज घरी जाता येऊ नये, पण दर शनिवारी घरची आठवण यावी, अशा अंतरावर त्याला टाकायचे. कोल्हापूरहून शिरवळ सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. अंतर शास्त्रात अगदी चपखल बसते. तेव्हा एकाच जूनमध्ये आमच्याकडे दोन कोल्हापूरकर हजर झाले. एक कॅश काउंटरवर बसला आणि दुसरा कर्जविभागात. आडनावे सांगत नाही, कारण आम्हीही ती विसरलो आहोत. पहिला पाटाकडील तालीम मंडळाचा भक्त आणि दुसरा दिलबहार तालीम मंडळाचा. म्हणून शाखेत एकाला 'पाटाकडचे' आणि दुसऱ्याला 'दिलबहार' असेच म्हणतात. मॅनेजरसाहेबसुद्धा म्हणतात. 'दिलबहार, ते ट्रॅक्टरचं प्रकरण काढा,' हे वाक्य आता कोणाला विचित्र वाटत नाही.

सुरुवातीला मलाच कळेना की फुटबॉल संघाच्या नावात तालीम कशाला? तालमीत लाल माती असते, जोर-बैठका असतात, अंगाला तेल असते. पण कोल्हापुरात पेठ तिथे तालीम, आणि तालीम तिथे फुटबॉलचा संघ, असा रिवाज आहे. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, पाटाकडील, दिलबहार. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० साली स्थापन झाली. पावसाळा संपून मैदान वाळले की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो. आधी लीग, मग एकामागून एक चषक. आता या संघांतून परदेशी खेळाडूही येतात. पार नायजेरियाचा गडी पेठेच्या बाजूने गोल मारतो आणि पेठ त्याला खांद्यावर घेते. तो कोणत्या देशाचा आहे हे कोणी विचारत नाही. कोणत्या तालमीचा आहे एवढेच पाहतात.

आमच्या दोघांचा वाद सोमवारी सकाळी सुरू होतो. शुक्रवारपर्यंत झालेल्या सामन्यांची नव्हे, व्हायच्या सामन्यांची चर्चा असते. झालेल्या सामन्यात एक अडचण असते, ती म्हणजे निकाल. तो लागला की बोलणे खुंटते. व्हायचा सामना मात्र कितीही वेळा जिंकता येतो.

"ह्या बारीला तुमचं काय खरं न्हाई भावा," पाटाकडचे नोटा मोजता मोजता म्हणतात. पंच्याहत्तर, शहात्तर.

"काय सांगालायस! तुमचा ड्रॉ बघितलास काय? सगळी लिंबू-टिंबू तुमच्या वाटणीला. आमच्यासारखं खडतर येऊ दे, मग बघू," दिलबहार कर्जाच्या फाइलमागून उत्तर देतात.

मग हिशेब निघतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पंच म्हणून मला बोलावतात. हिशेबाची पद्धत अशी. समजा, पाटाकडीलने खंडोबाला दोन गोलांनी हरवले. खंडोबाने बालगोपालला एका गोलाने हरवले. बालगोपालची दिलबहारशी बरोबरी झाली. म्हणजे पाटाकडील दिलबहारपेक्षा तीन गोलांनी भारी. यावर दिलबहार दुसरे खाते उघडतात. समजा, दिलबहारने प्रॅक्टिसला दोन गोलांनी हरवले, प्रॅक्टिसने शिवाजी तरुणला एका गोलाने आणि शिवाजी तरुणने पाटाकडीलला एका गोलाने. म्हणजे दिलबहार चार गोलांनी भारी. दोन्ही नोंदी तपासल्या, दोन्ही बरोबर! मी बेरीज मारली, तेव्हा असे निष्पन्न झाले की पाटाकडील तालीम ही पाटाकडील तालमीपेक्षा सात गोलांनी भारी आहे. असा फरक बँकेत निघाला तर आम्ही तो सस्पेन्स खात्यात टाकतो. या दोघांनी तो माझ्या अकलेच्या खात्यात टाकला आणि मला पंचपदावरून काढले.

हे खूळ फक्त कोल्हापुरी आहे असा माझा समज होता. तो माझ्या भाच्याने घालवला. भाचा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. तिकडे कॉलेजांचा फुटबॉल असतो. फुटबॉल म्हणायचे, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! त्याच्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. ओहायो स्टेटशी त्यांचे वैर १८९७ पासूनचे. कॉलेजांचे गट केलेले आहेत, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात, आणि कोणाचा गट तगडा यावर सगळा देश भांडतो. भाच्याचा गट 'बिग टेन'. नावात दहा, पण २०२४ पासून त्यात अठरा कॉलेजे आहेत. आमच्या ऑडिटरने एवढ्या एका गोष्टीवर शेरा मारून पान भरले असते.

इतक्या कॉलेजांना एकमेकांशी खेळणे शक्य नाही. तेव्हा पहिला नंबर कोणाचा हे ठरवायला १९३६ पासून वार्ताहरांची मते घेऊ लागले. भांडण मिटेना. १९९८ पासून संगणकाची मदत घेतली. भांडण वाढले. मग २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू केली, तर पाचवा कोण यावर भांडण. २०२४ पासून बारा संघ घेतले, तर आता तेरावा कोण यावर! भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, आमचं वेळापत्रकच खडतर होतं हो." मी दचकलो. हे वाक्य मी त्याच सकाळी कर्जविभागातून ऐकले होते.

आमच्या शाखेत वेळापत्रकाला आणखी एक बाजू आहे. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा शनिवार कामाचा. त्यामुळे सामन्यांचे वेळापत्रक आले की दोघे आधी ते सुट्ट्यांच्या यादीशेजारी ठेवतात. चौथ्या शनिवारी सामना असला की दोघे शुक्रवारी संध्याकाळी एकाच मोटारीने खंबाटकी घाट चढतात, पेट्रोलचे पैसे निम्मे-निम्मे वाटून घेतात, आणि कोल्हापुरात उतरल्यावर सोमवारपर्यंत एकमेकांना ओळखत नाहीत. तिसऱ्या शनिवारी सामना आला की शाखेवर अवकळा पसरते. सामना मोबाइलवर दिसतो, पण कॅशच्या पिंजऱ्यात मोबाइल पाहायची सोय नाही. मग शिपाईमामा दर दहा मिनिटांनी एक व्हाउचर घेऊन कर्जविभागातून कॅशकडे जातात. पुढे रक्कम लिहिलेली असते, मागे गोल.

हळूहळू ही साथ गिऱ्हाइकांनाही लागली. पेन्शनला येणारे एक आबा आहेत. वय ऐंशीच्या घरात. कोल्हापूरला एकदाच, अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते. ते दर महिन्याला अंगठा उठवताना विचारू लागले, "मग, ह्या खेपंला कोन?" त्यांनी दिलबहारची बाजू घेतली. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "नावच कसं झ्याक हाय. लावणीच्या फडावानी." त्या दिवशी पाटाकडच्यांनी आबांना सगळी पेन्शन दहा-दहाच्या नोटांत दिली.

या दोघांचे एकमत होणारा विषय एकच. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हे कोणीही काढले की दोघांची छाती एकदम फुगते, आणि शाखेत साधारण दोन मिनिटे शांतता असते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे वेळ घालवण्याचे धंदे. गेल्या हिवाळ्यापर्यंत माझेही तसेच मत होते. एका गुरुवारी रात्री साडेदहाला पाटाकडच्यांना घरून फोन आला. वडिलांना छातीत दुखू लागल्यामुळे दवाखान्यात ठेवले होते. एसटीची वाट पाहण्याजोगी वेळ नव्हती. दिलबहारने लुंगीवरच मोटार काढली आणि मी मागे बसलो. पाटाकडचे पुढे दगडासारखे गप्प. घाट लागला, तेव्हा दिलबहार म्हणाले, "तरी मी सांगालतो, तुमची मधली फळी म्हंजे चाळण हाय."

मला वाटले, या माणसाला काळवेळ नाही. पण पाटाकडचे उसळले. सातारा मागे पडला, कऱ्हाड मागे पडले, आणि दोघे गोलकीपरपासून पंचापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढत होते. खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, कोणी सुटले नाही. किणीचा टोलनाका आला, तेव्हा दिलबहार मोठा श्वास सोडून म्हणाले, "बरं बाबा, तुझंच खरं. तुमचीच टीम भारी." दोन वर्षांत असे वाक्य त्या तोंडून मी प्रथमच ऐकले. पाटाकडच्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. पहाटे आम्ही पोचलो, तेव्हा वडील शुद्धीवर होते. आजही ठणठणीत आहेत, आणि स्टेडियमवर जाऊ नका असे डॉक्टरांनी सांगितलेले ऐकत नाहीत.

सोमवारी दिलबहारने आपले वाक्य मागे घेतले. "रात्रीच्या अंधारात बोललेलं धरायचं न्हाई."

गेल्या जूनमध्ये बदल्यांची यादी आली. दिलबहारना कोल्हापूर मिळाले. घरापासून चालत दहा मिनिटांवरची शाखा! पेढे वाटले, नारळ दिला, मॅनेजरसाहेबांनी भाषणात दोनदा फुटबॉल म्हटले. आम्हाला वाटले, माणूस सुखी झाला.

सुख पंधरा दिवस टिकले. मग शुक्रवारी संध्याकाळी शाखेतला फोन वाजू लागला. त्यांची तक्रार अशी की पेठेत सगळे एकाच मताचे. "कुनाशी बोलायचं? म्या काय म्हनलं की समदी 'बरोबर हाय' म्हनत्यात. जीव नकोसा झालाय." इकडे पाटाकडच्यांची हालत त्याहून वाईट. त्यांनी आबांना विरोधी पक्ष म्हणून तयार करायचा प्रयत्न केला, पण आबा आता पाटाकडीलचीही बाजू घेतात. पेन्शन सुट्ट्या नोटांत नको असते.

आपला संघ कोणालाही मिळतो. जन्माला येताना पेठेबरोबर फुकट मिळतो. आपल्या तोडीचा विरोधक मात्र नशिबाने मिळतो. जो तुमच्या संघाच्या अकरा जणांची खोड तुमच्यापेक्षा बारकाईने जाणतो, आणि किणीच्या नाक्यावर हरायचे कधी हेही जाणतो, असा माणूस हेड ऑफिस दुसऱ्यांदा पाठवीत नाही.

पाटाकडच्यांनी आता कोल्हापूरसाठी विनंती-बदलीचा अर्ज भरायला घेतला आहे. शाखेतले अर्ज मीच लिहितो. 'कारण' या रकान्यात मी 'कौटुंबिक' असे लिहिले आणि त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. अडले आहे ते पुढच्या रकान्यात. तिथे 'संबंधित व्यक्तीचे नाव' आणि 'नाते' अशा दोन ओळी आहेत. नाव लिहून झाले. नात्यापुढे काय लिहावे, यावर गेला आठवडाभर शाखेत चर्चा चालू आहे. शुक्रवारी फोन आला की दिलबहारनाच विचारणार आहोत. अर्थात पाटाकडचे जे सुचवतील, त्याच्या ते विरुद्ध सांगतील.