आजाच्या वहीची अक्षरं

आमच्या डोलवीच्या घरात माझ्या पिढीची सगळी भावंडं शाळेत गेली. पेणच्या हायस्कुलात मराठीला चांगले गुण मिळवले. पुढे कोणी मास्तर झालं, कोणी बँकेत लागलं. आणि इतकं शिकूनही आमच्यातल्या एकालाही आपल्या आजाने लिहिलेली एक ओळ वाचता येत नव्हती. घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली मोडी लिपी आजापर्यंत भरभरून होती, बापापर्यंत अडखळत पोचली आणि आमच्यापाशी येऊन थांबली.

आजा धरमतरच्या खाडीकाठी एका मिठागराचा हिशेब लिहायचा. दुपारी जेवून ओटीवर बसला की मांडीवर फळी, फळीवर वही. आधी तो पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, आपण अक्षर काढतो आणि मग वर रेघ देतो. मोडीत रेघ आधी असते आणि अक्षरं तिच्याखाली येतात. एकदा बोरू शाईत बुडवून निघाला की हात फारसा उचलायचा नाही. शब्दाशब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. बोरू बोथट झाला की चाकूने तिरका काप द्यायचा. ते काम त्याने आम्हां पोरांना कधी करू दिलं नाही, चुकीच्या कापाने ओळीची जाडी बिघडते म्हणून. ‘मुंग्या चालल्यान नुसत्या,’ आजी वहीकडे बघून म्हणायची.

संध्याकाळी त्याच ओटीवर गावातले लोक कागद घेऊन यायचे. सावकाराचा रोखा, जमीनदाराची कबुलायत, मुंबईहून भावाने धाडलेलं पत्र. कंदील जवळ ओढून आजा आधी मनात वाचायचा, मग मोठ्याने. अंगठा उठवण्याआधी कागदात काय आहे ते माणसाला कळलं पाहिजे, यावर तो हटून असे. खाडीकाठच्या आमच्या खारेपाटात ही गोष्ट लहान नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमिनी न कसता संप चालवला, त्या झगड्याच्या मुळाशी खोत आणि कुळ यांच्यातला व्यवहार होता, आणि तो व्यवहार चालत होता कुळाला न वाचता येणाऱ्या कागदांवर. आजा पुढारी नव्हता. पण ओटीवरच्या त्या वाचनाचं मोल घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्याने आम्हांला का शिकवलं नाही? त्याला मोडीचा कंटाळा आला होता असं मुळीच नाही. ‘बाळबोध घटवा, नोकरी लागंल,’ एवढंच त्याचं म्हणणं. मुंबई सरकारने 1917 साली कारभारासाठी बाळबोध पत्करली होती, छापखाने आधीपासूनच बाळबोधीचे झाले होते. तसे मोडीचेही खिळे पाडले गेले होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश 1810 साली श्रीरामपुरात मोडीतच छापला गेला. पण ती वाट पुढे रुंदावली नाही. शाळेत मोडी 1950च्या दशकापर्यंत कशीबशी टिकली, म्हणून माझ्या बापाला कित्त्यातलं सुबक अक्षर यायचं. आजाचं धावतं अक्षर मात्र त्याला लागायचं नाही.

आमची आत्या शाळेचं तोंड न पाहिलेली. पण मिठाच्या गोण्या मोजायला आजाबरोबर जायची, त्यामुळे वहीतल्या खुणा तिला पाठ. एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आम्ही पदवीधर तिच्यासमोर वही धरायचो आणि ती बोट ठेवून आकडे सांगायची. नावं मात्र तिलाही अंधारात, आम्हांलाही. घरातला हिशेब असा एकीच्या बोटावर उरला होता, हे आज आठवलं की मन कळवळतं.

वहीत एक जागा आहे, तिथे आम्ही हटकून थांबतो. 1 एप्रिल 1957. त्या दिवशी देशात दशमान नाणी सुरू झाली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आणि त्याच दिवशी कुळकायद्याप्रमाणे कसणारा कुळ जमिनीचा मालक ठरला, कृषक दिन म्हणतात तो हाच. आणे-पैची खूण आणि खंडाची नोंद, वहीतल्या दोन्ही रीती एकाच तारखेला जुन्या झाल्या. आजाने त्या पानावर वेगळं काही लिहिलेलं नाही. रेघा तशाच, बोरू तोच.

पुढे वही आणि कागदांचा रुमाल पेटीत गेला. पावसाळ्यात वाळवी लागू नये म्हणून आजी त्यात कडुलिंबाचा पाला ठेवायची. डोलवीत पोलाद कारखाना उभा राहिला, वडखळ नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या, खाजणाला भाव आला, तेव्हा जमिनीचे जुने कागद शोधायला घरोघर पेट्या उघडल्या. आमचीही उघडली. पण मोडी वाचणारा माणूस शोधायला अलिबाग-पुण्यापर्यंत जायची वेळ आली. ज्या ओटीवर सारं गाव कागद वाचून घ्यायला यायचं, त्या घराने आपले कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत ही गोष्ट आमच्या थोरल्या चुलत भावाला, दादाला, लागली. निवृत्त झाल्यावर त्याने मोडीच्या वर्गात नाव घातलं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय असे वर्ग वर्षानुवर्षं घेत आले आहेत. वर्गात शिवकालीन, पेशवेकालीन, चिटणिशी वळणं शिकवतात, आणि ती शिकायलाच हवीत. पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, तंजावरचे मराठी कागद त्यांशिवाय वाचता येणार नाहीत. पण मिठागराच्या हिशेबनिसाचा हात कोणत्याच कित्त्यात नसतो. तो घरच्याच पानांवर बसून लावावा लागतो. एक ओळखीचं नाव सापडलं की त्यातली अक्षरं धरून पुढच्या शब्दात शिरायचं.

दादाला अक्षरं लागू लागली आणि आम्हांला न सुचलेली एक गोष्ट पुढे आली. आजाने वहीत घरची बोली लिहिली होती. ‘पानी’, ‘गारी’, ‘डोला’. आमची आगरी. शाळेत मास्तरांनी ज्या उच्चारांवर छड्या मारून ‘पाणी, गाडी, डोळा’ करवून घेतलं, ते उच्चार मिठाच्या हिशेबात निर्धास्त बसले होते. ‘खांड गेली’, ‘उघारी फुटली’, बांधावर किती माणसं लागली, हे सगळं आमच्या आजीच्या तोंडच्या मराठीत. म्हणून मोडी वाचायला शिकणं ही आमच्या घरात इतिहासाची हौस नाही. घरातल्या बोलीचा एकमेव लेखी पुरावा त्या लिपीत आहे, आणि लिपी गेली की तोही जातो.

व्हिएतनामच्या फान रांगकडच्या चाम लोकांची गोष्ट मी वाचली तेव्हा हेच आठवलं. त्यांची लिपीही आपल्यासारखीच ब्राह्मीच्या कुळातली, आणि जुन्या पोथ्या घरोघरी जपलेल्या. 1978 साली तिथे शाळेसाठी चाम पुस्तकं करणारी समिती नेमली गेली. तिने लेखन सोपं आणि एकसारखं केलं, मुलं शिकली. पण जाणते चाम म्हणू लागले की या शिक्षणाने मुलांना घरच्या पोथ्या वाचता येत नाहीत. दोन्ही बाजूंचं मला पटतं. तरी निवड करायचीच झाली तर मी पोथीच्या बाजूला उभा राहीन.

दोन लिप्यांतली अशी निवड टाळणारेही होते, आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. त्यांनी देशातल्या सगळ्या भाषांसाठी नागरीचा आग्रह धरला, 1975 साली त्यांच्या प्रेरणेने नागरी लिपी परिषद निघाली. पण स्वतः ते अनेक लिप्या शिकले, आणि इतर लिप्या पुसाव्यात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नागरीबरोबर त्याही राहाव्यात, असंच त्यांना वाटे. गागोद्याच्या तालुक्यातल्या शाळांत नागरीशेजारी मोडीचा एक तास असावा, एवढं मागायला त्यांच्या नावाचा आधार पुरेसा आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी जाणणाऱ्यांचा सगळीकडे शोध सुरू झाला. सरकारला गरज पडली की ही लिपी आठवते. मुलांनी ती शिकायला हवी मात्र त्याच्या कितीतरी आधी. मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली जागा मिळाली, म्हणजे ती टंकण्याचा पायाही घातला गेला आहे.

आता दिवाळीत घर जमलं की जेवणानंतर वही निघते. दादाची नात आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर वाचते, कारण बाळबोधाचं वळण तिच्या डोळ्यांत अजून पक्कं बसलेलं नाही. आत्या राहिली नाही, पण दंडांचे अर्थ आम्ही तिच्याकडून वेळेत लिहून घेतले. 1957 नंतरच्या पानांवर मात्र दुसराच हात आहे, आजाचा नव्हे. नावं नेहमीचीच दिसतात, पण मधला मजकूर लागत नाही. दादाने रोह्याच्या नातेवाइकांकडे त्यांच्या पेटीतली जुनी पत्रं मागितली आहेत, अक्षर जुळवून बघायला.