मागची बाजू

लंडनला ऑनसाइट आलो त्या वर्षी एका शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या जुन्या बाजारात ब्रिटिश घोडदळाच्या टोप्यांवरचे बिल्ले पाहिले आणि नाद लागला. बिल्ला म्हणजे रेजिमेंटचा प्रोफाइल फोटोच. स्कॉट्स ग्रेजच्या बिल्ल्यावर गरुड असतो, कारण १८१५ साली वॉटर्लूला त्यांच्या सार्जंट युअर्टनं फ्रेंचांचं गरुडचिन्ह हिसकावलं होतं.

या नादात पहिली गोष्ट शिकलो ती ही, की बिल्ला आधी उलटा करून बघायचा. टोपीत खोचायची पट्टी किंवा कड्या कशा जोडल्यात, ते तपासायचं. पुढून सगळेच छान दिसतात, नंतर पाडलेल्या नकलासुद्धा.

माझा सगळ्यात लाडका बिल्ला १७व्या लान्सर्सचा. कवटी, दोन हाडं आणि खाली फितीवर दोनच शब्द: 'ऑर ग्लोरी'. 'डेथ' कुठेच लिहिलेलं नाही, ते काम कवटी करते. १७५९ साली क्वेबेकला जनरल वुल्फ पडला. ती बातमी इंग्लंडला घेऊन आलेल्या जॉन हेलनं ही रेजिमेंट उभारली आणि वुल्फच्या आठवणीत हे चिन्ह निवडलं. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाला रशियन तोफांवर चाल करून गेलेल्यांत पहिल्या रांगेत हेच होते. हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर बाबांना रंगवून सांगितलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "मग ही माणसं आपल्याकडे कधी आली होती का रे?"

रात्री शोधलं. आली होती. १८५७च्या अखेरीस ते भारतात उतरले आणि पुढे मध्य भारतात तात्या टोपेंच्या पाठलागावर होते. ऑक्टोबर १८५८ मध्ये सिंदवाहोला तात्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल या रेजिमेंटच्या एव्हलिन वुडला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १८५९ मध्ये तात्यांना शिवपुरीला फाशी झाली.

आम्ही येवल्याचे. तात्यांचा जन्म येवल्याचा. सातवीच्या गॅदरिंगला मी तात्या झालो होतो. मिशी फाशीच्या आधीच गळून पडली, तरी टाळ्या मिळाल्या होत्या.

आता तीच कवटी टेबलावरून माझ्याकडे बघत होती. खरं तर हा बिल्ला त्या पाठलागात नव्हता. धातूचे असे बिल्ले टोपीवर सर्रास आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ज्या कुणी हा लावला, त्यानं तात्यांचं नावही ऐकलं नसेल. मला टोचलं ते वेगळंच. बालाक्लाव्हाची तारीख मला पाठ होती, २५ ऑक्टोबर. सिंदवाहो हे नाव मात्र मी पहिल्यांदा वाचत होतो. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, विकून टाकतो.

"विकून काय होणार? दुसरा कोणी तेवढंच ऐकून घेऊन जाईल. ठेव, आणि लिहून ठेव."

डबीवर चिठ्ठी आधीपासून होती: क्वेबेक १७५९, बालाक्लाव्हा १८५४. तिसऱ्या ओळीला जागा उरली नव्हती. चिठ्ठी सोडवली आणि मागे लिहिलं: तात्या टोपेंचा पाठलाग, १८५८-५९.

हल्ली कुणी बिल्ले बघायला मागितले, की ही डबी मी उलटी करूनच हातात देतो.