दहाची गोटी

गोट्या म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अंगणातली गल आणि खिशात खुळखुळणाऱ्या काचेच्या गोट्या येतील. आमच्या घरी मात्र गोटी म्हणजे नट सोडवायची लोखंडी गोटी. एका बाजूला नटावर चपखल बसणारा षटकोनी खड्डा, दुसऱ्या बाजूला पान्याचं टोक जाईल असं चौकोनी भोक. इंग्रजीत तिला सॉकेट म्हणतात आणि इथले डच लोक 'डॉप' म्हणतात. डॉप म्हणजे टोपण. शेंगदाण्याच्या टरफलालाही ते डॉपच म्हणतात. मला आपली गोटीच बरी वाटते. हातातून सुटली की ती कशी वागते, हे त्या नावातच आलं.

हे गोटीपुराण सुरू झालं रिपेअर कॅफेमुळे. तुमच्यापैकी बरेच जण बिघडलेला टोस्टर घेऊन तिथे गेले असतील. मार्टीन पोस्टमा या बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला, आणि आता जगभर दोन हजारांहून जास्त ठिकाणी ते भरतात. वस्तीतल्या समाजमंदिरात, म्हणजे इथल्या ब्यूर्टहाउसात, टेबलं मांडायची. लोकांनी मोडक्या वस्तू आणायच्या. येणाऱ्याला जमेल तसं आपण दुरुस्त करून द्यायचं, आणि वर कॉफी. मी आमच्या भागातल्या कॅफेत महिन्यातून एका शनिवारी सायकलींच्या टेबलावर बसते. ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईला हाताला ग्रीस लागलं की किती बरं वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

हत्यारांची पेटी मी सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेते. (या पेटीला डचमध्ये 'खरेटस्खाप्सकिस्ट' म्हणतात. घशातला कफ मोकळा करायला उत्तम.) तिच्यातल्या बहुतेक गोट्या राणीच्या वाढदिवसाच्या रस्त्यावरच्या बाजारात घेतलेल्या. तेव्हा तो ३० एप्रिलला असायचा. २०१४ पासून राजाचा, २७ एप्रिलला. एका मुलाने आजोबांचं सगळं सामान चादरीवर मांडलं होतं, त्यातून पाच युरोत अर्धी पिशवी भरून गोट्या मिळाल्या. मूळ डबा नव्हता, म्हणून त्या तशाच पेटीच्या तळाशी टाकल्या आणि वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. सायकल फरशीवरून गेली की मागून घुंगरांचा आवाज यायचा.

आणि एका शनिवारी फजिती झाली. एक वयस्कर गृहस्थ बायकोची जुनी गझेल घेऊन आले. सीट खाली करायची होती, एवढंच काम. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना पुन्हा सायकलवर बसायचं होतं. सीटच्या पट्ट्याचा नट १३चा. मी पेटीत हात घातला, हाताला आली ती गोटी लावली आणि जोर केला. ती १४ची होती. एक मिलिमीटरचा फरक, पण गोटी नटावरून फिरली आणि नटाचे सगळे कोपरे घेऊन गेली. मग कानस, व्हाइसग्रिप, तेल, आणि चाळीस मिनिटं. गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या पेटीकडे बघत राहिले. डच माणूस गप्प बसतो तेव्हा फार लागतं.

घरी येऊन ठरवलं, गोट्यांना घर करायचं. वाटलं होतं, दुकानात जायचं, काहीतरी आणायचं. पण या एका गोष्टीचे इतके पंथ आहेत, की आपल्याकडच्या पंढरीच्या दिंड्या बऱ्या! पहिला पंथ पट्टीवाल्यांचा. लोखंडी पट्टीवर चाप असतात, त्यांत गोट्या ओळीने खोचायच्या. स्वस्त, हलकी, एका हाताने उचलता येते. पण चाप वर्षभरात सैल होतात, आणि सायकलच्या हादऱ्यांनी तर त्याहून लवकर. दुसरा पंथ चुंबकवाल्यांचा. गोटी पकडून ठेवतो खरा, पण सगळ्या बारीक लोखंडी किसालाही बोलावून घेतो. तिसरा पंथ लाकडी फळीत खुंट्या ठोकणाऱ्यांचा. दिसायला सर्वांत देखणा. भिंतीवर उत्तम, पेटी आडवी झाली की संपलं. चौथा फोमवाल्यांचा. जाड फोममध्ये प्रत्येक गोटीच्या मापाचं भोक कापायचं. जागा खातो, आणि उद्या नवी गोटी आली तर तिला घर नाही.

बाबांना फोन केला. बाबा एसटीत मेकॅनिक होते, १९९८ मध्ये निवृत्त झाले. आता नजर अगदी कमी झाली आहे, पण हत्यारांचा विषय निघाला की आवाज वीस वर्षांनी तरुण होतो. त्यांच्याकडे पेटी नव्हतीच. ताडपत्रीच्या तुकड्याला आईने मशीनवर कप्पे शिवून दिले होते. काम झालं की ती गुंडाळी करून दोरीने बांधायची. रविवारी सकाळी चेतक खोलून बसले की मी शेजारी उकिडवी. न बघता हात मागे करायचे आणि म्हणायचे, "तेरा." मी तेरा द्यायची. चुकून बारा दिली तर हात तसाच पुढे, तळवा उघडा, एक शब्द नाही. (त्या डच गृहस्थांचं गप्प बसणं मला एवढं का लागलं, ते आत्ता लिहिताना कळतंय.)

त्या गुंडाळीत गोट्या आकड्यांच्या क्रमाने नव्हत्या. लहानपणी मला तो गबाळेपणा वाटायचा. त्या दिवशी फोनवर बाबांनी उलगडून सांगितलं. टाटा-मर्सिडीजच्या गाड्यांना लागायच्या १०, १३, १७, १९. त्या हाताशी, पहिल्या चार कप्प्यांत. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या इंची गोट्या मागे, वेगळ्या. त्यातही एक गंमत: व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाचा नसतोच, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे अर्धा इंची लिहिलेले दोन पाने एकमेकांच्या नटाला लागत नाहीत. मग १९८३ साली मारुती आली आणि शेजारीपाजारी बाबांना रविवारी हाका मारू लागले. आठ मिलिमीटरच्या बोल्टला जर्मन पद्धतीत डोकं १३चं, जपानी पद्धतीत १२चं. दहाच्या बोल्टला तिकडे १७, इकडे १४. तेव्हा आईने शेवटी दोन कप्पे आणखी शिवले. "जवळजवळची मापं शेजारी ठेवायची नाहीत," बाबा म्हणाले. "बारा-तेरा शेजारी असले की घाईत हात चुकणारच. हाताला दोन कप्पे लांब जावं लागलं तर हात विचार करतो."

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, या देशात तर ती १८२० पासून आहेत. तरी आजही इथल्या कुठल्याही दुकानात रॅचेटचं चौकोनी टोक इंचांच्या मापातच मिळतं. नट मिलिमीटरचा, टोक इंचाचं, गोटी दोघांच्या मध्ये. यावर कोणीतरी कविता करावी.

कप्प्यांचा आणखी एक उपयोग बाबांनी सांगितला, तो मला माहीत नव्हता. एका डेपोत असताना त्यांनी रात्री एका गाडीचं काम संपवलं, गुंडाळी उचलली, तर १३चा कप्पा रिकामा. गाडी फाटकापर्यंत गेली होती, आत प्रवासी. बाबा धावत गेले, गाडी थांबवली, सगळ्यांच्या शिव्या खात बॉनेट उघडायला लावलं. गोटी पंख्याच्या शेजारी एका कडेवर बसली होती. चार खड्ड्यांनंतर कुठे गेली असती, देव जाणे. "कप्पा रिकामा तर गाडी सोडायची नाही," एवढंच बोलून ते जेवायला गेले.

माझा निर्णय तिथेच झाला. पट्टीवर एक गोटी कमी असली तर बाकीच्या सरकून जागा भरून काढतात. चुंबकावर तर काहीच कळत नाही. रिकामी जागा ओरडून सांगणारा एकच, फोमवाला. जुन्या दोन चटया मिळाल्या, एक काळी, एक पिवळी. काळी वर, पिवळी खाली चिकटवली. काळ्या थरात भोकं कापली. गोटी जागेवर नसेल तर पिवळा डोळा उघडा दिसतो. सायकलीला लागतं किती? मडगार्डला ८ आणि १०, सीटला १३, पायडलच्या दांड्याला १४, मागच्या चाकाला १५. त्या पाच पुढे ठेवल्या, १३ आणि १४ दोन टोकांना. उरलेल्या तीसेक गोट्या घरी ठेवल्या. हे सर्वांत जड गेलं. आपल्याला काही टाकवत नाही, 'असू दे, लागेल' हा आपला राष्ट्रीय मंत्र. पण पेटी चार किलोंनी हलकी झाली.

त्या पाचांतली दहाची गोटी बाबांची. २०१५ साली पुण्याहून निघताना त्यांनी ती माझ्या हातात ठेवली होती. सामानाचं वजन आधीच जास्त झालेलं, म्हणून एकच. क्रोम उडालेलं, आकडा झिजलेला, अंगठ्याने चाचपला तरच लागतो.

व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली. बाबांना फारसं दिसलं नसावं. म्हणाले, "डोळे मिटून हात घाल." घातला. "दहा." दिली. "तेरा." दिली. "हं," म्हणाले. बाबांचं 'हं' म्हणजे तुमच्याकडचं सुवर्णपदक.

पुढच्या दोन शनिवारी सगळं नीट झालं. तिसऱ्याला खूप गर्दी होती. आवरताना पेटी उघडली तर पहिलाच पिवळा डोळा उघडा. दहा. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, कॉफीच्या कपांमागे, सगळे गुडघ्यांवर बसून शोधत होते. कॉफी देणाऱ्या सत्तरीच्या बाईसुद्धा. नाही मिळाली. त्या रात्री बाबांना फोन केला नाही.

महिन्याने तेच गझेलवाले गृहस्थ आले, या वेळी सायकलशिवाय. मागच्या खेपेला मी त्यांचं मडगार्ड घट्ट करून दिलं होतं. त्यांनी पाकीट पुढे केलं, आत गोटी. बायकोच्या सायकलच्या पिशवीत, बटाट्यांखाली सापडली म्हणाले. बाई आता रोज बाजारात सायकलने जातात.

घरी येऊन लगेच फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, बटाट्यांसकट. बाबा शांतपणे ऐकत होते.

"गोटीचं काय एवढं, कुठेही मिळते," ते म्हणाले. "पण कप्पा रिकामा असताना तू गाडी सोडलीस कशी?"