आईचे ‘ते’

संध्याकाळी सातच्या सुमारास नवघर रोडवर भाजीच्या गाड्यांवर दिवे लागतात, भाईंदर स्टेशनावर लोकल रिकामी होते, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आई नातीची वही उघडून बसते. आईचं वय बासष्ट. नात, म्हणजे माझी धाकटी लेक, इंग्रजी माध्यमात आहे. ती वाचते ते आपल्यालाही वाचता यावं, एवढ्यासाठी आई इंग्रजी शिकते आहे.

एकदा लेकीने विचारलं, आजोबा कुठे आहेत? आईने शब्द जुळवले आणि म्हणाली, “दे आर इन द गॅलरी.” लेक गॅलरीत डोकावून आली. “आजी, तिथे आजोबा एकटेच आहेत. ‘ही इज’ म्हण.”

आई बराच वेळ गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, “त्यांना ‘तो’ कसं म्हणू गं?”

तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आईने बाबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अहो’, नाहीतर ‘हे’. ते आले, ते जेवले, ते झोपले. एका माणसासाठी अनेकवचन वापरायचं हे तिला कोणत्याही शाळेने शिकवलं नव्हतं, ते तिच्या जिभेतच मुरलेलं होतं. तिचं ‘दे’ व्याकरणात चुकलं, पण त्यातली माया आणि मान दोन्ही अचूक होते.

मला माझी पाचवी आठवली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. मी त्याआधीची, म्हणून एबीसीडी पाचवीत भेटली. खुर्चीबद्दलच्या वाक्यात मी ‘शी’ लिहिलं होतं. खुर्ची ‘ती’च असते ना! वर्ग हसला, वहीवर लाल रेघ उमटली. मग ‘त्याची बहीण’ लिहिताना ‘हर सिस्टर’ लिहिलं, कारण मला ‘ची’ दिसत होती. मराठीच्या एका ‘त्याची’मध्ये दोघं नांदतात: ‘त्या’मध्ये भाऊ, ‘ची’मध्ये बहीण. इंग्रजी विचारते फक्त बहीण कुणाची ते. हे साधं सूत्र कुणी सांगितलं असतं, तर ती लाल रेघ इतकी वर्षं टोचली नसती.

आमच्या भाषेत खाडी ‘ती’, तिच्यावरचा पूल ‘तो’ आणि मिठागरात साचणारं मीठ ‘ते’. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. आधी वाटलं, कुणी या साऱ्यांची ओळखच पुसून टाकली. पुढे त्याच ‘इट’ची गंमत कळली. ‘पाऊस पडतोय’ म्हणताना आपल्याकडे पाऊस स्वतः पडतो. ‘इट इज रेनिंग’मध्ये मात्र पडणारं कोण ते कुणी सांगत नाही. वाक्याला कर्ता हवा, म्हणून इंग्रजी एक रिकामा पाट मांडून ठेवते.

नवघरहून लोकलने खाडी ओलांडली की वसई तालुका लागतो. तिथल्या तर्खड गावाचं नाव तर्खडकर या आडनावात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. तर्खडकरांच्याच नावाची भाषांतर पाठमाला हाती धरून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. एका भाषेतून दुसरीत जाण्याची वाट आमच्या खाडीपलीकडच्या गावाचं नाव घेऊन जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शाळेत आपण नऊ मूळ सर्वनामं पाठ केली: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यांतल्या ‘आपण’वर माझा जीव आहे. ‘आम्ही नवघरचे’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण नवघरचे’ म्हटलं की तो घरात येतो. इंग्रजीच्या ‘वी’ला हा उंबरा माहीत नाही. आम्ही घाटावरून इथे राहायला आलो तेव्हा शेजारच्या आगरी आजीने पहिल्याच दिवशी ‘आपल्या विहिरीचं पाणी’ असं म्हटलं होतं. त्या एका शब्दाने आम्ही इथले झालो. ती आजी लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. तिला इंग्रजी शिकवली असती, तर ‘यू’ तिला सहज जमलं असतं.

पण ‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हे. ते मुळात अनेकवचन, आपल्या ‘तुम्ही’सारखं. इंग्रजीचा खरा ‘तू’ म्हणजे ‘दाऊ’. तो रोजच्या बोलण्यातून हळूहळू मावळला आणि साऱ्यांसाठी ‘यू’ उरलं. इंग्रजीत मान नाही असं आपण म्हणतो. तिने तर सगळ्यांनाच ‘तुम्ही’च्या पाटावर बसवलं आहे.

गेल्या दिवाळीत माझी थोरली लेक कॉलेजातल्या एका सोबत्याबद्दल बोलत होती. त्या जिवाला ‘ही’ही नको, ‘शी’ही नको, ‘दे’ म्हटलेलं हवं. एका माणसासाठीचं हे ‘दे’ इंग्रजीत आता इतकं रुळलं आहे की मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने २०१९ साली त्यालाच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे एकाच माणसाला ‘ते’ म्हणायचं ना? मग त्यात अवघड काय आहे?” थोरली तिच्याकडे पाहतच राहिली. मराठीत ‘मी’ म्हणताना लिंग झाकलेलं असतं, पण पुढच्याच शब्दात ‘येतो’ की ‘येते’ हे ठरवावं लागतं. त्या सोबत्याला ‘आय कम’मध्ये किती मोकळं वाटत असेल, हे मला त्या दिवशी उमगलं.

आता आईच्या वहीत ‘ही इज इन द गॅलरी’ असं सुबक अक्षरात लिहिलेलं आहे. नियम तिने मनापासून स्वीकारला. वही मिटली की ती हाक मारते, “अहो, चहा घेता ना?”

शिकणाऱ्याचं सर्वनाम चुकलं, तर ते जरूर सुधारा. त्याशिवाय भाषा येत नाही. पण लाल रेघ ओढण्याआधी क्षणभर थांबा आणि ती चूक नीट ऐका. त्या चुकीत त्याची मातृभाषा बोलत असते.