साहाय्य मागण्याची भाषा

विमान उतरण्यापूर्वीची शेवटची वीस-पंचवीस मिनिटे प्रवाशांना कंटाळवाणी वाटतात. पट्टा बांधून, खुर्ची ताठ करून आपण खिडकीबाहेरचे दिवे न्याहाळीत बसतो. त्याच वेळी, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांचे संभाषण चाललेले असते. एक वैमानिक, दुसरा जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक. उंची, दिशा आणि वेग यांपलीकडे त्यात फारसे काही नसते. नियंत्रकाने सूचना द्यायची, वैमानिकाने ती उच्चारून दाखवायची आणि त्या उच्चारात चूक नाही ना, हे नियंत्रकाने कान देऊन तपासायचे, अशी ही रीत आहे. 'ऐकले' एवढे म्हणून तिथे भागत नाही. काय ऐकले ते सांगावे लागते. अर्धवट ऐकून पूर्ण उत्तर देण्याची सवय जडलेल्या आपल्या समाजात वावरताना आम्हांला या रीतीचे फार कौतुक वाटते.

परंतु शब्द बिनचूक पोहोचणे वेगळे आणि त्यामागची निकड पोहोचणे वेगळे. हा भेद मनात आला की आम्हांला 25 जानेवारी 1990 च्या रात्रीची आठवण होते. कोलंबिया देशातील बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला निघालेले आव्हियांका कंपनीचे बोईंग 707 विमान त्या रात्री केनेडी विमानतळाकडे येत होते. हवा खराब, ढग खाली उतरलेले आणि विमानांची रांग लागलेली. त्यामुळे या विमानाला वाटेत तीन ठिकाणी मिळून 1 तास 17 मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. तिसऱ्या घिरटीत सहवैमानिकाने नियंत्रकाला सांगितले की आम्हांला प्राधान्य हवे. आणखी पाच मिनिटेच थांबता येईल. बोस्टनचा पर्यायी विमानतळही आता इंधनाअभावी गाठता येणार नाही. एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे निरोप गेला, तो एवढाच की हे विमान पाच मिनिटेच थांबू शकते. प्राधान्य गळाले, बोस्टनही गळाले.

पहिल्या प्रयत्नात विमानाला धावपट्टी गाठता आली नाही आणि त्याला पुन्हा वर उठावे लागले. तेव्हा मुख्य वैमानिकाने आपल्या स्पॅनिश भाषेत सहवैमानिकाला बजावले की आपण आणीबाणीत आहोत, हे त्यांना सांग. सहवैमानिक इंग्रजीत बोलला. आधी दिलेली दिशा त्याने उच्चारून दाखवली, मग पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला आणि वाक्याच्या शेवटी, जाता जाता, इंधन संपत आले आहे असे जोडले. 'आणीबाणी' हा शब्द त्यात नव्हता. थोड्या वेळाने नियंत्रकाने विचारले की तुम्हांला सुमारे पंधरा मैल ईशान्येकडे नेऊन परत वळवतो. तुम्हांला आणि तुमच्या इंधनाला ते चालेल ना? उत्तर आले की चालेल असे वाटते, आभारी आहोत. त्यानंतर काही मिनिटांतच चारही इंजिने एकामागून एक बंद पडली आणि रात्री साडेनऊच्या सुमारास विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथील टेकडीवर कोसळले. विमानातील 158 जणांपैकी 73 जण दगावले. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरले नव्हते.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाने मुख्य ठपका वैमानिकांवरच ठेवला. इंधनाची आखणी नीट झाली नाही आणि संकट स्पष्ट शब्दांत सांगितले गेले नाही, असे त्याने म्हटले. त्याचबरोबर, इंधनाच्या टंचाईसाठी सर्वांना एकाच अर्थाने समजतील असे ठरावीक शब्द नव्हते, हेही नोंदवले. नियंत्रकाची बाजू समजून घ्यायला हवी. ताटकळलेल्या प्रत्येक विमानाचे इंधन कमीच होत असते, त्यामुळे त्या वाक्याने तो दचकत नाही. 'आणीबाणी' म्हटले की मात्र तो बाकी सर्वांना बाजूला सारून वाट मोकळी करतो. मुख्य वैमानिकाच्या ओठांवर असलेले संकट हातोहात जाताना हलके होत गेले आणि ज्याच्या हाती उपाय होता, त्याच्यापर्यंत ते एक साधी माहिती होऊन पोहोचले.

असा हलका होत जाणारा निरोप आम्ही आमच्या आळीतही पाहिला आहे. ओळखीतल्या एका वृद्ध मावशींनी तांदूळ निवडता निवडता सुनेला म्हटले, "आज जरा अंग जड वाटतंय गं." सुनेने नवऱ्याला फोनवर सांगितले, "आई थकल्यात." मुलाने शनिवारची वेळ घेऊन ठेवली. कोणीही खोटे बोलले नव्हते, कोणी निष्काळजीही नव्हते. चौथ्या दिवशी शेजारची परिचारिका सहज डोकावली. "बरं आहे ना?" असे न विचारता तिने विचारले, "मावशी, रात्री झोपताना उशाला किती उशा घेता?" मावशी म्हणाल्या, "आता तीन लागतात. आडवं झालं की श्वास पुरत नाही." त्याच संध्याकाळी त्यांना इस्पितळात दाखल केले गेले आणि त्या वाचल्या.

"चालेल ना?" या प्रश्नाला सभ्य माणूस "चालेल" असेच म्हणतो. दुसऱ्याला तोशीस नको, हा संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे आणि तो वाईटही नाही. पण प्राणावर बेतले असता तोच संस्कार तोंडावर हात ठेवतो. म्हणून प्रश्न असा विचारावा की उत्तरात आकडा यावा. मिनिटे किती उरली? उशा किती?

विमानविद्येने हा धडा पुढे नियमांत बसवला. वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2003 साली सहा पायऱ्या ठरवल्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी आवश्यक केली. 2012 पासून इंधनासाठी दोन शब्दप्रयोग पक्के झाले. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी विलंब सोसणार नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे राखीव ठेवलेले शेवटचे इंधनही उतरण्यापूर्वी खर्ची पडणार, हे संकट आहे. 'मेडे' हा शब्द 'मला साहाय्य करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घडवला गेला. तो एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा उच्चारायचा असतो. संकोचाला जागाच उरू नये, अशीच जणू ती योजना आहे.

त्या हाकेनंतर नियंत्रक साधारणपणे दोन गोष्टी विचारून घेतो. इंधन किती उरले, आणि विमानात माणसे किती. या दुसऱ्या प्रश्नासाठी इंग्रजीत 'सोल्स' हा शब्द वापरण्याची जुनी प्रथा आहे. किती आत्मे आहेत, असे तो विचारतो. तो आकडा ऐकल्यावर समोरच्या पडद्यावरचा ठिपका त्याच्यासाठी केवळ ठिपका राहत नसेल, असे आम्हांला वाटते.