पाच व्होल्टची पाटी

तळेगावच्या (श्यामजी पंत) नाक्यावर नागपूर–अमरावती महामार्गाला आर्वी आणि आष्टीचे रस्ते येऊन मिळतात. इथली पाटी धावत्या गाडीतून वाचता आली तरच तिचा उपयोग, म्हणून सरकत्या लाल अक्षरांच्या पाट्यांचा नाद इथल्या पोरांनाही लागतो. या पाट्या ज्या पॅनेलच्या बनतात त्याला बाजारात पी-टेन म्हणतात. दोन ठिपक्यांमध्ये 10 मिलिमीटर अंतर, आडवे 32, उभे 16, म्हणजे एकूण 512 एलईडी. कोड मोबाइलवर शोधून सापडतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. पाटी फसते ती तारेत नाहीतर स्क्रूत.

आधी तार. एक लाल पॅनेल पूर्ण उजळलं की तीन-चार अँपियर खातं. तीन पॅनेलची पाटी म्हणजे सहज 10 अँपियर, तेही फक्त 5 व्होल्टवर. घरच्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची तार हाताशी असते, तीच लावली जाते. तांब्याच्या या तारेचा रोध मीटरला साधारण 18 मिलिओहम. वीजपुरवठ्याचा डबा (एसएमपीएस) दोन मीटर लांब ठेवला, तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते आणि तिच्यात 0.7 व्होल्ट गळतात. 230 व्होल्टमध्ये याची दखलही कोणी घेणार नाही. इथे पॅनेलच्या तोंडाशी 4.3 उरतात. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, म्हणून लाल पाटी फिकट का होईना, निभावून नेते. पांढऱ्याला तीन लागतात, ती लगेच लुकलुकते. म्हणून तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, एसएमपीएस पाटीच्या पोटातच बसवा आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र जोडी द्या. व्होल्ट मोजायचे ते सगळे ठिपके पेटवून आणि पॅनेलच्या टोकाशी. एसएमपीएसपाशी मीटर नेहमी गोडच बोलतो.

फ्लॅट केबल फक्त डेटासाठी असते. पॅनेलच्या मागे बाण छापलेला असतो, तो पाहून केबल खोचा. कंट्रोलरला वेगळा चार्जर असेल तर दोघांचे ग्राउंड जोडा, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसती बुजबुज दिसते. ईएसपी-32 या कंट्रोलरची पिन 3.3 व्होल्ट देते आणि पॅनेलवरच्या 74एचसी जातीच्या चिपला 5 व्होल्टवर ‘चालू’ कळायला 3.5 लागतात. तरीही टेबलावर ती पुष्कळदा चालते, आणि फसगत होते ती तिथेच. केबल लांबली, ऊन तापलं की अक्षरं फाटतात. मध्ये 3.3 व्होल्टवर भागणारी एक 74एचसीटी245 चिप घातली की प्रश्न मिटतो. ती थोडक्या पैशांत मिळते.

आता स्क्रू. पॅनेलची चौकट प्लॅस्टिकची, मागची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची. थंडीतल्या पहाटेपासून नवतप्यातल्या दुपारपर्यंत पेटीच्या तापमानात 40 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात 320 मिलिमीटरचं प्लॅस्टिक जवळजवळ एक मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शानं. चारही स्क्रू आवळले, तर पॅनेल वाढणार कुठे? ते मधोमध फुगतं किंवा कोपऱ्याला तडकतं. पट्टीला लांबट भोकं पाडा, खाली वॉशर घाला, स्क्रू हाताला लागेल इतकाच फिरवा. दोन पॅनेलमध्ये नखाएवढी फट सोडा. रस्त्यावरून ती दिसत नाही.

पॅनेलची पुढची बाजू पाऊस सोसते, मागची नाही. पेटीला वर पत्र्याचं छप्पर आणि तळाला पाणी निथळायला भोकं हवीत. भोकांवर जाळी लावाच, कारण उबेला पाल हमखास येते आणि 230 व्होल्टच्या टोकांवर मरते. फेज-न्यूट्रलची टोकं झाका, पेटीला अर्थिंग द्या.

मराठी मजकुराची अडचण वेगळी आहे. आंबिया बहाराची फळं बाजारात येऊ लागली की सगळ्यांना ‘संत्री’ लिहायचं असतं. वर अनुस्वार आणि वेलांटी, खाली ‘त्र’ची तिरकी रेघ, आणि हे सगळं 16 ओळींत. शिरोरेघ पाचव्या ओळीवर धरली की वर चार उरतात, वेलांटीला तेवढ्या पुरतात. ‘दूध’चा दीर्घ ऊकार मात्र तळाला टेकतो, त्यासाठी अक्षर एका ओळीने बुटकं करावं लागतं.

अंधार पडला की उजेड पाव भागावर आणायला विसरू नका. कोडमध्ये त्याची एक ओळ असते. दुपारच्या उन्हात जेमतेम वाचता येणारी पाटी रात्री ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर येते, आणि या नाक्यावर गाड्या वळत असतात.